जुलाब : पाणी, मीठ, साखर आणि आपली सावधगिरी
(गणेशोत्सवातील भाषण)



बाप्पाच्या मांडवात जुलाबावर बोलायचे म्हणजे काहींना अवघडल्यासारखे होईल. पण २०२५च्या डिसेंबरअखेर आपल्याच इंदूरच्या भागीरथपुऱ्यात जे घडले, त्यानंतर गप्प बसणे बरे नाही. स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या आलेल्या या शहरात नळाच्या पाण्यात मैला मिसळला, उलट्या-जुलाबांची साथ पसरली आणि माणसे दगावली. झाडलेला रस्ता दिसतो; जमिनीखालची नळवाहिनी दिसत नाही.

नर्मदेचे पाणी जलूदहून शुद्ध होऊन निघते. पण पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो. कुठे भेग असेल आणि शेजारी गटार गळत असेल, तर घाण आत ओढली जाते. म्हणून नळ आल्याबरोबरचे पाणी पिण्यासाठी भरू नये. वास किंवा रंग बदलला, तर त्याच दिवशी महापालिकेकडे तक्रार नोंदवावी आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. तुरटीने गाळ बसतो, पण सगळे जंतू जात नाहीत. शंका आली की पाणी खळखळून उकळावे.

जुलाबात जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली. सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चाराच्या आत आले.

ओआरएसचे पाकीट नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. घोटाघोटाने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे.

आपल्याकडे लंघनाची जुनी सवय आहे. लहान मुलाला मात्र उपाशी ठेवू नये. अंगावरचे दूध, मऊ भात, केळे चालू ठेवावे. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्याव्यात. जुलाब थांबवणारे औषध मनाने देऊ नये.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी वाट पाहू नये. सरळ दवाखाना गाठावा.

आणि शेवटी, आपल्या महाप्रसादाबद्दल. वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत, पिण्याचे पाणी झाकून ठेवावे, पंचामृत ताजेच वाटावे. ज्याचे पोट बिघडले असेल, त्याने त्या दिवशी वाढायला उभे राहू नये. आम्हाला वाटते, बाप्पाला हीसुद्धा सेवाच पोचेल.

गणपती बाप्पा मोरया!