सिरसाळ्याचा पाऊस आणि जिनिव्हाची सभा

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात मृग निघाला की पारावर एकच विषय: कापूस टाकायचा की थांबायचं? मोबाइलवरचा अंदाज पाहून कुणी चाड्यावर मूठ धरतो, कुणी आठवडाभर थांबतो.

तो अंदाज एकट्या भारताच्या नोंदींवर उभा राहत नाही. मोसमी वारे समुद्र ओलांडून येतात, म्हणून दुसऱ्या देशांतले आणि भर समुद्रातले वायुदाब, तापमान, वारे आधी कळावे लागतात. ही देवाणघेवाण जिनिव्हातल्या जागतिक हवामान संघटनेमार्फत चालते.

संघटना 1950 पासूनची, पण मालक सभासद देशच. त्यांची महासभा साधारण चार वर्षांनी भरते; मधल्या काळात 37 जणांचं कार्यकारी मंडळ कारभारावर नजर ठेवतं. 2019 मध्ये महासभेनं आठ तांत्रिक आयोग मोडून दोनच केले. मोठीच छाटणी!

माहितीचा प्रश्न अधिक नाजूक. महासभेच्या 1995 च्या ठरावानं अत्यावश्यक नोंदी मोफत द्यायचं ठरलं, बाकीच्या नोंदींवर अटी घालायची मुभा राहिली. 2021 मध्ये नवं धोरण आलं. त्यात हवेबरोबर समुद्र, नद्या, बर्फही आले. गाभ्याच्या नोंदी विनामूल्य, विनाअट द्यायच्या. मात्र न देणाऱ्या देशाला दंड करणारा फौजदार संघटनेकडे नाही. माझ्या मते खरी कमजोरी हीच.

जागतिक हवामान दिन 23 मार्चला असतो. त्या दिवशी शाळेतल्या मुलांना जवळचं पर्जन्यमापक जरूर दाखवा.