क्वाय नदीवरचा पूल

डेव्हिड लीन यांच्या १९५७ सालच्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटातील पूल काही पुठ्ठ्याचा नव्हता. सिलोनमध्ये कितुलगल येथे लाकडाचा खराखुरा पूल बांधला आणि आगगाडीसकट तो सुरुंगाने उडविला. एवढ्या खटाटोपावर प्रेक्षकाचा विश्वास बसावा, यात नवल नाही.

परंतु सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या, जपान्यांनी बांधविलेल्या त्या ४१५ किलोमीटर लोहमार्गाचा इतिहास निराळा आहे. चित्रपटातील कर्नल शत्रूसाठी उत्तम पूल उभारण्यात रंगून जातो. प्रत्यक्षातील अधिकारी फिलिप टूसी यांचे सैनिक लाकडांत वाळवी सोडीत होते. पूलही पहिल्या गाडीबरोबर उडाला नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांपर्यंत तो उपयोगात होता. कथेच्या सोयीसाठी एवढे खपवून घेता येईल. टूसींच्या सोबत्यांना मात्र ते खपले नाही, हे खरे.

खपवून घेता येत नाही ती गोष्ट वेगळीच. त्या मार्गावर सुमारे १२,००० युद्धकैदी मेले. आशियाई मजूर मेले ते अंदाजे ९०,०००. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले तामिळ हजारोंनी होते. कैद्यांजवळ निदान त्यांचे डॉक्टर होते, नोंद ठेवणारे अधिकारी होते. मजुरांजवळ तेही नव्हते. म्हणूनच त्यांच्या बाबतीत 'अंदाजे' म्हणावे लागते. चित्रपटात या मजुरांना जवळजवळ स्थानच नाही. गणवेशाच्या गुंड्या कितीही तपासल्या, तरी ही चूक सापडावयाची नाही. कांचनबुरीच्या युद्धस्मशानात कैद्यांच्या कबरींवर ओळीने नावे कोरलेली आहेत. बहुतेक मजुरांची नावे कोठेच नाहीत.