कसणे आणि राखणे

२०१७ च्या पावसाळ्यात या यवतमाळ जिल्ह्यात काय घडलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात पंप पाठीवर घेऊन फवारणी. औषध वर उडायचं आणि फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात जायचं. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांतले कितीतरी जण दुसऱ्याच्या वावरात रोजानं राबणारे होते.

चौकशी झाली, मदत जाहीर झाली. मला आज वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. हे पाप आहे का? आणि असेल, तर कुणाचं?

कॅथलिक माणूस मिस्साच्या सुरुवातीला विचारानं, शब्दानं, कृतीनं घडलेल्या पापांची कबुली देतो. करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याचीही देतो. हा शेवटचा भाग आपण घाईनं म्हणून टाकतो. मजुराला मास्क न देणं, विषाचा डबा विकताना चार शब्द न सांगणं, हे सगळं तिथेच येतं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, हे त्याचं मर्म. यवतमाळात याला वेगळा पुरावा नको. जे औषध मातीत उतरलं, तेच मजुराच्या छातीत गेलं.

कुणी म्हणेल, धर्माचा यात काय संबंध? बायबलमध्ये उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो ती कसायला आणि राखायला. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा आहे. कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगणं क्रूर वाटेल, आणि नुसतं एवढंच सांगितलं तर ते आहेही. पण त्याच अध्यायात पन्नासाव्या वर्षी हातची गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत करण्याची आज्ञा आहे. मातीची सुटका आणि माणसाची सुटका तिथे एकाच श्वासात येते. आपण मात्र एक कृषी खात्याकडे दिली, दुसरी बँकेकडे.

महाराष्ट्रात ही श्रद्धा रस्त्यावर उतरलेली आपण पाहिली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून वसईची हिरवळ आणि विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. यवतमाळच्या साहित्य संमेलनानंतर वर्षभरानं, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच. २०२४ च्या जुलैत ते गेले. वसईची लढाई बांधकामाशी होती, आपली विषाशी आणि कर्जाशी आहे. त्यांचा मार्ग जसाच्या तसा इथे चालणार नाही.

इथली सुरुवात मला प्रायश्चित्त संस्कारापासून व्हावीशी वाटते. रविवारी मिस्साला न गेल्याची कबुली आपण देतो. मजुराला उघड्या हातांनी फवारायला लावल्याचीही द्यावी, आणि धर्मगुरूनं ती मागावी.