पॅनेलमधली ती एक छोटी लिंक: कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं न्यूट्रल अर्थ का करायचं?

आज कोड बाजूला ठेवू आणि पॅनेलचं दार उघडू. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, पीएलसीत स्टॉपचं लॉजिक बरोबर लिहिलं की मशीन थांबणारच. पण पॅनेलमध्ये एक छोटी वायर नसेल, तर ते लॉजिक कागदावरच राहतं.

आपल्या कारखान्यांत थ्री फेज 415 व्होल्ट येतात. कंट्रोलसाठी ट्रान्सफॉर्मर लावून त्याचे बहुधा 110 करतात. आता गंमत बघा. प्रायमरी आणि सेकंडरी यांना जोडतं ते फक्त चुंबकीय क्षेत्र, तार नाही. म्हणजे मेन सप्लायचं न्यूट्रल अर्थ केलेलं असलं, तरी सेकंडरीची दोन्ही टोकं अधांतरीच. मग त्यातलं न्यूट्रल कुठलं? आपण ज्याला अर्थ करू ते!

‘राहू दे की अधांतरी, काय बिघडतं?’ असं म्हणणारे भेटतात. समजा, स्टार्ट बटण आणि कॉन्टॅक्टरची कॉइल यांच्या मधली वायर घासून बॉडीला टेकली. काय होईल? काहीच नाही. फ्यूज शाबूत, मशीन चालू, कुणाला पत्ता नाही. काही महिन्यांनी फ्यूजच्या लगेच पुढची वायरही कुठेतरी बॉडीला टेकते. आता करंट बॉडीतून थेट कॉइलला. स्टॉप बटण, इमर्जन्सी स्टॉप, पीएलसीचं आउटपुट, सगळे बायपास. लाल बटण दाबलं तरी कन्व्हेयर चालूच. किंवा बंद मशीन आपोआप सुरू, आणि आत कुणाचा तरी हात.

सेकंडरीचं एक टोक अर्थ बारला जोडलेलं असेल, तर टेकलेल्या वायरीत व्होल्टेज येताक्षणी शॉर्ट होऊन फ्यूज उडतो आणि कॉइल सुटते. पहिला फॉल्ट लपून राहत नाही.

तीन गोष्टी पाळा. एक, कॉइलचं एक टोक थेट अर्थ केलेल्या बाजूला, आणि सगळे स्विच लाइव्ह बाजूला. स्टॉप बटण कॉइल आणि न्यूट्रलच्या मध्ये टाकलं, तर एकच फॉल्ट त्याला निकामी करतो. आयईसी 60204-1 मध्येही हीच पद्धत दिली आहे. दोन, फ्यूज लाइव्ह बाजूला. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज नको. तीन, न्यूट्रल-अर्थची जोडणी एकाच जागी, ट्रान्सफॉर्मरजवळ, आणि काढता येईल अशा लिंकने. म्हणजे इन्सुलेशन टेस्ट करता येते. दोन जागी जोडलं, तर कामाचा करंट अर्थच्या वायरीतून फिरायला लागतो.

मशीन अचानक थांबणंच धोक्याचं असेल, तर सेकंडरी अधांतरी ठेवतात. पण मग इन्सुलेशन मॉनिटर लावतात, जो पहिल्याच फॉल्टला अलार्म देतो. अधांतरी ठेवायचं आणि लक्षही ठेवायचं नाही, हे मात्र चालणार नाही. आणि हो, 24 व्होल्ट डीसीच्या शून्य व्होल्टलाही हाच न्याय.

तर उद्या आपल्या पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये ती लिंक शोधा. ड्रॉइंगमध्ये सापडली, तर प्रत्यक्षात आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून सप्लाय बंद करून तपासून घ्या. भेटूया पुढच्या भागात!