डोक्यातलं कागदावर आणा
(मोहोपाडा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला एक कबुली द्यायची आहे. आपल्या अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकावर मी लिनक्सचे तीन कंटेनर चालवत होतो. एकात मुलांच्या दाखल्यांच्या प्रती, दुसऱ्यात सराव परीक्षा, तिसऱ्यात पुस्तकांची नोंद.

कंटेनर म्हणजे चाळीतल्या खोल्या समजा. प्रत्येकीचं दार वेगळं, संसार वेगळा, पाया मात्र एकच. तो पाया म्हणजे कर्नल. नेमस्पेसमुळे एका खोलीतलं दुसरीला दिसत नाही. कोणाला किती मेमरी, किती प्रोसेसर मिळेल, ते सीग्रुप ठरवतो. २००८ मध्ये सीग्रुप कर्नलमध्ये आला, त्याच वर्षी एलएक्ससी निघालं. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि कंटेनर सर्वत्र पोहोचले.

गेल्या वर्षी त्या संगणकाची डिस्क गेली. माहितीची प्रत पेनड्राइव्हवर होती. पण कोणता कंटेनर कसा उभा केला, कुठली सेटिंग बदलली, हे फक्त माझ्या डोक्यात होतं आणि मी रात्रपाळीला होतो. सगळं परत उभं करायला तीन संध्याकाळी गेल्या. तेवढ्यात एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपली. तिचे मूळ कागद आजोळी होते, प्रती आपल्याकडे अडकलेल्या. तिचे अब्बा पाताळगंगेच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाई, तुम्हाला काही झालं असतं तर?”

त्यानंतर मी अ‍ॅन्सिबल शिकलो. हे २०१२ मध्ये सुरू झालेलं मुक्त साधन आहे. २०१५ मध्ये ते रेड हॅटने घेतलं. त्यात ‘हे कर, मग ते कर’ असं सांगण्यापेक्षा शेवटी काय असायला हवं, ते फाइलमध्ये लिहायचं: या नावाचा कंटेनर असावा, त्यात हे पॅकेज असावं, ही सेवा चालू असावी. या फाइलला प्लेबुक म्हणतात. नीट लिहिलेलं प्लेबुक दहादा चालवा, आधीच आहे त्याला ते हात लावत नाही. नसेल तेवढंच करतं. संगणकावर एसएसएच आणि पायथन असलं की काम होतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्लेबुक खोली बांधून देतं, आतलं सामान नाही. माहितीची प्रत वेगळी काढावीच लागते. आणि पासवर्ड फाइलमध्ये उघडे ठेवू नका. त्यासाठी व्हॉल्ट आहे.

गेल्या महिन्यात त्याच मुलीला मी दुसरा, कोरा संगणक दिला आणि म्हटलं, प्लेबुक चालव. मी बाजूला बसलो, एक शब्द बोललो नाही. दोन ठिकाणी ते अडलं. दोन्ही ठिकाणी मी पूर्वी हाताने काहीतरी केलं होतं आणि लिहायला विसरलो होतो. तिने शोधलं, त्या ओळी भरल्या, तिन्ही कंटेनर उभे राहिले.

आपल्या वस्तीत बरीच कामं अशीच एखाद्या ‘भाई’वर चालतात. तो असतो तोवर सगळे त्याला दुवा देतात. तो नसला की सगळं बंद. त्यात त्याचा मोठेपणा दिसतो, पण मुदत दुसऱ्याची चुकते.

येत्या रविवारी संगणक पुन्हा कोरा करणार आहोत. या वेळी उभा कोण करणार? आजवर ज्यांनी टर्मिनल उघडलेलं नाही, त्यांनी हात वर करा.