कालिकतच्या मैदानावरून इटलीकडे

जिमी जॉर्ज केरळचा.
जन्म 1955 चा, कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूर गावचा.
श्रोतेहो, त्याच्या घरात आठ भाऊ होते, आणि आठही जण व्हॉलीबॉल खेळत.
पहिले धडे दिले वडिलांनी.

सोळाव्या वर्षी जिमी केरळच्या संघात आला.
पण त्याचा खेळ फुलला तो विद्यापीठाच्या संघात.
1973 पासून तो कालिकत विद्यापीठाकडून खेळला.
त्याच काळात या संघाने आंतरविद्यापीठ अजिंक्यपद पटकावले.

त्याची खासियत होती उडी.
चेंडू उंच उचलला जाई.
जिमी झेप घेई.
समोरचे खेळाडूही हात वर करून जाळीवर उडत.
ते खाली येऊ लागत, तरी जिमी अजून वरच असे.
आणि तेवढ्यात स्मॅश बसे!
असा खेळाडू विरळाच.

1974 मध्ये, विद्यार्थी असतानाच, तो तेहरानच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला.
1976 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.
त्याच वर्षी तो केरळ पोलिसांत रुजू झाला.

पुढे अबुधाबी, आणि मग इटली.
इटलीची लीग जगातल्या सर्वांत कसदार लीगपैकी एक.
विद्यापीठाच्या संघात घडलेला हा खेळाडू तिथे व्यावसायिक म्हणून खेळला.
भारतीयांसाठी ही वाट तेव्हा अगदी नवी होती.

1986 मध्ये सोलच्या आशियाई स्पर्धेत भारताने जपानला हरवून कांस्यपदक जिंकले.
त्या संघात जिमी होता.

30 नोव्हेंबर 1987 रोजी इटलीतच मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला.
वय अवघे बत्तीस.
तिरुवनंतपुरमच्या इनडोअर स्टेडियमला आज त्याचे नाव आहे.