कातड्याचा मृग

कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिल्या असतील. पडद्यामागें दिवा लागतो आणि रामायण छायारूपानें अवतरतें. ज्या मृगाच्या कातड्याचा सीतेस मोह पडला, तो मृग येथें जनावराच्या कातड्याचाच असतो! जनावर मरतें, आणि मनुष्य त्याच्या कातड्यास पुन्हां धांवावयास लावतो. हा आदर म्हणावा कीं उपभोग? माझ्या मतें दोन्ही. श्री. परशुराम गंगावणे यांनीं २००६ सालीं आपल्या गुरांच्या गोठ्यांतच या कलांचें संग्रहालय थाटलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला. कलेस निवारा लाभला, हें उत्तमच. परंतु गांवोगांवचे गोठे रिते होऊन बैल केवळ चित्रांत उरावा, हें कलेसहि शोभणार नाहीं. मुलांस बाहुली दाखवितांना, हें कातडें कोणाचें, तेंहि अवश्य सांगावें.